समक्ष पाहिले

आमच्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या ऐंशी माणसांना बंदूक विकू नये, असं माझं बावीस वर्षांचं मत आहे. मालकांना ते मी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. ते म्हणाले, "मत तुमच्यापाशी ठेवा आणि काच पुसा." काच मी पुसली. मत जिथल्या तिथे राहिलं.

काचेच्या कपाटापुढे उभं राहून माणसं काय काय बोलतात ते ऐकत राहिलं की कुणावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. मनगट काडीएवढं, आणि मागणार सगळ्यात जाडजूड पिस्तूल. का, तर मित्राकडे आहे. एका बाईंना पर्सच्या रंगाला शोभेल असं हवं होतं. एक गृहस्थ रात्रंदिवस व्हिडिओ बघून आलेले, मलाच नळीची लांबी समजावून सांगत होते, आणि रायफल हातात दिल्यावर दस्ता कुठल्या खांद्याला लावायचा हे त्यांना ठरवता येईना. सगळ्यांना मी एकच सांगते. छंद म्हणून नेमबाजी करायची आहे ना, मग बावीस बोअरची साधी रायफल घ्या. एका वेळी एक गोळी भरायची, दर वेळी बोल्ट हाताने मागे ओढायचा. आवाज कमी, धक्का कमी, आणि चुकलं तर चूक कुणाची ते लगेच कळतं. हे ऐकलं की त्यांचं तोंड पडतं. शेवटचं वाक्य विशेष झोंबतं.

परवाना सरकारी कार्यालय देतं, पण त्याआधी हाताळणीची चाचणी दुकानात होते आणि त्या कागदावर सही माझी लागते. ह्या सहीमुळे मला बरेच लोक घाबरून असतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

चाचणीत मी बघते ते एवढंच. आमच्या धंद्यात हत्यार दुसऱ्याच्या हातात देण्याआधी ते उघडून, आत गोळी नाही हे पाहून द्यायचं. घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पाहिलेलं असलं तरी त्याने घेतल्याबरोबर पुन्हा स्वतः पाहायचं. ह्यात कुणी कुणावर रुसत नाही. सख्ख्या भावाने दिलं तरी पाहायचं. हे मला नवऱ्याने शिकवलं. तो ह्याच दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करायचा आणि स्वतः पट्टीचा नेमबाज होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. बंदुकीच्या तेलाचा वास अंगावर घेऊन घरी यायचा. त्याच्या शर्टांच्या कॉलरी मी वीस वर्षं घासल्या, तेलाचा एक डाग कधी गेला नाही.

आम्हाला एकच मुलगी. नाव काही का असेना, बापाने तिला ठकी म्हटलं आणि तेच राहिलं. दहाव्या वर्षापासून त्याच्याबरोबर रेंजवर जायची. चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या स्पर्धेत तिसरी आली. तो गेला आणि तिने नेमबाजी सोडली. पुढच्या वर्षी लग्न केलं, तेही नोंदणी कार्यालयात, आणि मला फोन केला तो सह्या झाल्यावर.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. हे वाचता येतंय का, आणि आता हे, आणि आता कसं वाटतंय, असं दिवसभर मऊ आवाजात विचारायचं, हा त्याचा उद्योग. मऊ बोलणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आणि मुलीवर रागवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून सगळा राग मी त्याच्यावर काढत आले होते. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण सोयीचं होतं.

तर हा जावई एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानात येऊन उभा राहिला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुलूपपेटी दाखवत होते. त्याला मी दिसूनही दहा मिनिटं ताटकळत ठेवलं.

"नमस्कार, आई," तो म्हणाला.

"दुकानात मला सगळे मॅडम म्हणतात."

"बरं, मॅडम." त्याला राग आला नाही. ह्या माणसाचा अपमान करणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. त्याने पिशवीतून परवान्याचा अर्ज काढून काउंटरवर ठेवला. रायफल आणि पिस्तूल, दोन्ही चौकोनांत खुणा केलेल्या.

"शहरात अजून तीन दुकानं आहेत," मी म्हटलं.

"हो. पण मला इथेच यायचं होतं."

"रायफल समजू शकते. पिस्तूल कशाला हवंय तुम्हाला?"

तो जरा पुढे वाकला. "तेच बोलायचं होतं तुमच्याशी. इथे नको. पाच मिनिटं बाहेर याल का? कोपऱ्यावर चहा घेऊ."

"कारण लिहायला अर्जावर जागा ठेवली आहे. चांगल्या चार ओळी."

"ते लिहिण्यासारखं नाहीये."

"लिहिण्यासारखं नसेल ते बोलण्यासारखंही नसणार."

कुलूपपेटीवाला गिऱ्हाईक फिसकन हसला. मला फार बरं वाटलं. जावयाने खाली मान घातली आणि कारणाच्या ओळीत 'मनोरंजनासाठी नेमबाजी' असं लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. तेही डोक्यात गेलं.

मग मी त्याला कोणती रायफल घ्यायचा विचार आहे ते विचारलं. सापळाच लावला होता म्हणा ना. दुर्बीणवाली, काळीकुट्ट, सिनेमातल्यासारखी अशी एखादी दाखवेल आणि मग मी त्याची चांगली हजेरी घेईन, असा बेत होता. त्याने सरळ बावीस बोअरच्या साध्या रायफलीकडे बोट केलं.

"ही बरी वाटते. एक-एक गोळीची. चुकलं तर निदान कुणाचं चुकलं ते कळेल."

हे वाक्य माझं होतं. वर्षानुवर्षं मी ते वापरत आले होते आणि हा माणूस ते माझ्याच तोंडावर फेकत होता. "कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"घरी बोलणं झालं."

"ठकीने नेमबाजी सोडून सहा वर्षं झाली."

"हो," तो म्हणाला. आणखी काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. मी कपाटाची किल्ली जोरात फिरवली आणि रायफल बाहेर काढली.

बोल्ट मागे ओढून, आत पाहून, मी ती त्याच्याकडे दिली. नवख्या माणसाचं ह्या क्षणी काय होतं ते मला तोंडपाठ आहे. तो रायफलीचं वजन जोखतो, मग बावळटासारखा हसतो, मग आपण काहीतरी पाहायचं होतं हे त्याला आठवतं आणि तो चुकीच्या टोकाकडून बघायला लागतो. जावयाने तसलं काही केलं नाही. रायफल हातात येताच त्याने नळी भिंतीकडे वळवली, बोल्ट आणखी मागे सारून पाहिला, उजेडाकडे कलती करून आत नजर टाकली आणि डाव्या हाताची करंगळी आत घालून, गोळी बसते त्या चेंबरच्या तोंडावरून फिरवली. डोळ्यांनी दिसलं तरी बोटाने चाचपायचं. मग ते तेल लागलेलं बोट कानामागे पुसलं. शी! आणि हा लोकांच्या डोळ्यांना हात लावतो. हे सगळं एका दमात झालं, आणि ते करताना तो बोलत होता गोळ्यांच्या खोक्याच्या किमतीबद्दल. म्हणजे हातांना विचारावं लागलं नव्हतं.

बोटाने चाचपणं पुस्तकात नाही. व्हिडिओत नाही. ज्यांनी शेकडो वेळा हत्यार हाताळलंय तीच माणसं असं करतात. आणि ह्याच्या अर्जात सातव्या रकान्यात लिहिलेलं, पूर्वी हत्यार हाताळले आहे काय: नाही.

सापडला, मी मनात म्हटलं.

"ह्याआधी कधी हत्यार हाताळलंय?"

तो थबकला. "तिथे लिहिलंय ना."

"मी तोंडाने विचारतेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा जर मी नुसती गप्प राहिले असते तरी त्याने सांगितलं असतं, असं आता वाटतं. मी बोटांनी काउंटर वाजवत होते.

"नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तो गेल्यावर मी शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'अर्जदाराने पूर्वीची हाताळणी लपवली आहे. हरकत.' खाली सही. ह्याचा अर्थ काय होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. दुकानाची हरकत आली की परवाना कार्यालयाची माणसं घरी तपासणीला जातात. गणवेशातली दोन माणसं जावयाच्या दारात उभी, शेजारीपाजारी जिन्यात माना काढून बघताहेत आणि हा मऊ आवाजात खुलासे करतोय, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणलं आणि कितीतरी वेळ ते बघत बसले. मनाशी कारणही तयार होतं. कुठेतरी ह्याचा जुना परवाना रद्द झालेला असणार. काहीतरी भांडण, काहीतरी प्रकरण. माझ्या मुलीला बिचारीला पत्ता नाही. मी तिला वाचवतेय.

मालकांनी तो कागद वाचला. "अहो, घरचा माणूस आहे. आधी घरी विचारून तर बघा."

"घरचा असला म्हणून काय झालं? सख्खा भाऊ असला तरी पाहायचं, हा आपला नियम आहे."

मालकांनी कागद परत दिला. नियमापुढे ते नेहमीच गप्प बसतात. कागद दुपारच्या टपालाने गेला.

त्या आठवड्यात ठकीचे तीन फोन आले. एकही मी उचलला नाही. नवऱ्याची रदबदली करायला करतेय, करू दे, म्हटलं. तीन वर्षांत तीनदा फोन न करणाऱ्या मुलीला आता आई आठवली. चौथा फोन आला नाही.

नवव्या दिवशी सकाळी परवाना कार्यालयाचे निरीक्षक दुकानात आले. नवऱ्याचे जुने ओळखीचे, मला नेहमी वहिनी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं. काउंटरवरचं गिऱ्हाईक जाईपर्यंत ते थांबले, मग मालकांना म्हणाले, "दार लावून घ्या. आणि नष्ट केलेल्या हत्यारांची वही काढा."

एक परवाना, दोन हत्यारं, असा आमच्याकडे कायदा आहे. तिसरं घ्यायचं तर आधीचं एक विकावं लागतं, नाहीतर दुकानात आणून तोडावं लागतं. नळी करवतीने तीन जागी कापायची. एकाने कापायचं, दुसऱ्याने उभं राहून बघायचं. मग दोघांनी वहीत सह्या करायच्या. कापणाऱ्याचा रकाना वेगळा आणि बघणाऱ्याचा वेगळा. बघणाऱ्याच्या रकान्यावर छापलेलं असतं: समक्ष पाहिले.

निरीक्षकांनी एक प्लास्टिकची पिशवी उघडली आणि आतलं पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. "तुमच्या जावयांच्या घरी सापडलं. म्हणजे सापडलं असंही म्हणवत नाही. आम्ही दार वाजवलं, हरकतीचा कागद दाखवला, आणि तुमच्या मुलीने शिलाई मशीनच्या खणातून स्वतः काढून दिलं. जावई म्हणत होते, माझं आहे, माझं आहे. ती त्यांना म्हणाली, तू गप्प बस, बाबांनी मला दिलंय." त्यांनी पिस्तूल माझ्याकडे सरकवलं. "बघा ओळखताय का. पाहिलंय आम्ही, रिकामं आहे."

मुठीचं लाकूड मी लगेच ओळखलं. अक्रोडाचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवऱ्याने महिनाभर ते कोरलं होतं, लहान हातासाठी. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातासाठी. माझ्या फरशीवर भुसा पडतो म्हणून मी रोज कटकट केली होती.

मी पिस्तूल उचललं. रिकामं आहे असं ते म्हणाले होते, तरी माझ्या हातांनी ते उघडलं, आत पाहिलं आणि करंगळी आत घातली. बोटाला तेल लागलं. ताजं तेल. कुणीतरी ते मागच्याच रविवारी साफ केलं असावं.

त्या तेलाच्या बोटाकडे मी बघत राहिले. कानामागे. जावयाने बोट कानामागे पुसलं होतं. नवरा आयुष्यभर तेच करायचा, मी आयुष्यभर त्यावरून ओरडले, आणि त्याच तेलाने त्याच्या कॉलरी खराब व्हायच्या. बोटाने चाचपणारे अनेक असतील. पण ते कानामागे पुसणारा एकच होता, आणि त्याच्याकडून उचलणारी एकच. ठकी. तिचं बघून ह्याने उचललं होतं. घरातल्या माणसाचं जसं जांभई देणं आपल्याला चिकटतं, तसं. माझ्या नवऱ्याची लकब माझ्या डोळ्यांपुढे घडली होती, आणि मला चोर सापडल्याचा आनंद इतका झाला होता की मी नुसतं शी म्हटलं.

निरीक्षकांनी वही उघडली. नऊ वर्षांपूर्वीची नोंद. पिस्तुलाचा नंबर तोच. 'नळीचे तीन तुकडे केले,' नवऱ्याचं अक्षर. त्याच्यापुढे समक्ष पाहिले, आणि माझी सही, नीट, पल्लेदार.

"आता हे ऐका," निरीक्षक म्हणाले. "वहीप्रमाणे हे पिस्तूल नऊ वर्षांपूर्वी भंगारात गेलं, आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. मुलगी म्हणते, वडिलांनी तोडलं नाही, मला दिलं. वही म्हणते, ती खोटं बोलतेय. वही खरी असेल तर हे हत्यार तिने बाहेरून बेकायदा मिळवलंय, वर जुना नंबर टाकून घेतलाय. त्याला सात वर्षं तुरुंग आहे. वही खोटी असेल तर हे वडिलांमागे राहिलेलं, वेळेत जमा न केलेलं हत्यार. त्याला दंड आणि ताकीद. म्हणून मी स्वतः आलोय. ही सही तुमची ना?"

"माझी."

"मग तुम्ही पाहिलं होतं का?"

मालक माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी नाही म्हटलं की दुकानावर बालंट, माझी सही कायमची बाद आणि बावीस वर्षांत तपासलेल्या प्रत्येक कागदावर प्रश्नचिन्ह. हो म्हटलं की ठकी.

मला तो शनिवार आठवला. नव्या हंगामासाठी त्याने नवं पिस्तूल घेतलं होतं आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. मी काउंटरवर कुणावर तरी डाफरत होते. तो मागच्या खोलीतून वही घेऊन आला. हाताला लोखंडाचा कीस लागलेला. कुठला जुना पाइप कापला होता देव जाणे. "झालं काम, सही कर," म्हणाला. मी मानही वळवली नाही. तिथल्या तिथे सही केली आणि पुन्हा गिऱ्हाइकावर डाफरायला लागले. सख्ख्या भावाने दिलं तरी पाहायचं, हे मला शिकवणारा माणूस माझा नवरा होता, म्हणून मी पाहिलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी पाहिलं नव्हतं. नुसती सही केली."

मालक मागे मटकन स्टुलावर बसले. निरीक्षकांनी माझा जबाब लिहून घेतला. निघताना दारात थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, हरकत घातली नसतीत तर हे इतक्यावर आलंच नसतं. परवाना असलेल्या माणसाने जुनं हत्यार आपणहून दुकानात आणून दिलं तर खटला होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

नको होतं. ते कलम मी स्वतः चार कुटुंबांना समजावून सांगितलेलं आहे. माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली म्हणून रडत आलेल्या बाईला मी पाणी देऊन सांगितलं होतं, घाबरू नका, घरातल्या एकाने परवाना काढा आणि हत्यार माझ्याकडे आणून द्या, बाकी मी बघते. पिस्तूल कशाला हवंय ह्याचं उत्तर ते होतं. चहा प्यायला पाच मिनिटं मागत होता तो ह्यासाठी.

दुपारी मी ठकीच्या घरी गेले. तीन जिने चढून धाप लागली होती. दार तिनेच उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"काय तपासायचं राहिलंय?"

"ठकी, मला माहीत नव्हतं..."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुला. तीनदा फोन केला मी."

"मला वाटलं तू त्यांची रदबदली करायला..."

"त्याचीच करणार होते!" तिचा आवाज जिन्यात घुमला. "दोन वर्षं माझ्या मागे लागलाय तो. हे घरात नको, आपण आईंना सांगू, त्या बरोबर मार्ग काढतील. मी म्हणत होते, ती तुला दारात उभं करणार नाही. तर म्हणतो, असं कसं, आई आहेत त्या. आणि तू त्याला चार लोकांत हसलीस."

"तू स्वतः का नाही आलीस?"

"कशी येणार? बाबांनी खोटी नोंद केली आणि तू सही केलीस, हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं मी? तुला वाचवायचं म्हणून नऊ वर्षं गप्प बसले ना!"

आतून जावयाचा आवाज आला, "अगं, त्यांना आत तरी येऊ दे."

"नको," ठकी म्हणाली.

तो बाहेर आला, हातात प्लास्टिकचं स्टूल. ते त्याने जिन्याच्या चौकात ठेवलं आणि म्हणाला, "बसा, आई." मी बसले. तेव्हाही मला तो आवडला नाही. इतकं सगळं होऊन एखाद्याने निदान एकदा ओरडावं की नाही?

"ती रायफल..." मी विचारलं. "ती तरी कशाला हवी होती?"

तो काही बोलायच्या आत ठकीच बोलली. "माझ्यासाठी. परत सुरू करणार होते मी. दोघांनीच रविवारी रेंजवर जायचं, तुझ्या नियमाप्रमाणे एक-एक गोळीची घ्यायची, असं ठरलं होतं आमचं. आता दोघांनाही दहा वर्षं परवाना नाही. झालं समाधान?" आणि तिने दार लावलं. जावई बाहेरच राहिला होता. त्याला दार वाजवावं लागलं.

पुढे चार महिने गेले. ठकीला दंड झाला आणि ताकीद मिळाली. माझा सहीचा अधिकार काढून घेतला, आणि सही नसलेली बाई मालकांना काच पुसायलाही नको होती. त्यांना मी दोष देत नाही. दुकान सहा आठवडे बंद होतं. मग कार्यालयाचं पत्र आलं, की सदर पिस्तूल अमुक तारखेला नष्ट करण्यात येईल, तरी मृत परवानाधारकाच्या वारसांनी हजर राहावं.

कार्यालयाच्या मागच्या आवारात पत्र्याची शेड आहे. सकाळचे दहा वाजले होते. मध्ये लोखंडी टेबल, त्याला नळी आवळून धरणारा शेगडा बसवलेला. करवत हातात घेतलेला माणूस आणि वही घेतलेला कारकून. ठकी आणि जावई आधीच येऊन उभे होते. ती माझ्याकडे बघेना. जावयाने मान हलवून नमस्कार केला.

"रिकामं आहे, पाहिलंय," म्हणत कारकुनाने पिस्तूल पुढे केलं. जावयाने ते घेतलं, उघडलं, करंगळी फिरवली. बोट कानामागे नेलं आणि माझी नजर लागल्यावर अर्ध्यात थांबून रुमालाला पुसलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पुसा हो, कानामागेच पुसा. मग मी ते हातात घेऊन पाहिलं. ठकीने हात मागेच बांधून ठेवले.

करवतवाल्याने आधी मुठीचे स्क्रू सोडवून लाकडाचे दोन्ही तुकडे काढले. "हे लाकूड आहे, हत्यार नव्हे. हवं तर न्या," कारकून म्हणाला. ठकी पुढे आली आणि तिने दोन्ही उचलले. मी हात पुढे केला होता. एक तरी देईल, असं वाटलं होतं. तिने एक जाकिटाच्या डाव्या खिशात घातला, एक उजव्या, आणि आवाराच्या फाटकाकडे तोंड करून पाठमोरी उभी राहिली.

मग करवत लागली. नळीचं पोलाद चिवट असतं. एकेका कापाला सात-आठ मिनिटं गेली. तेवढ्यात कारकून दोनदा घड्याळ बघून म्हणाला, "इतकं बघत बसायला नको हो, सही करून मोकळे व्हा." जावयाने सही केली. मी केली नाही. कीस उडत होता, डोळ्यांत पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही, कारण पुसायचं तर नजर हलली असती. पहिला तुकडा पडला. दुसरा पडला. तिसरा शेगड्यातच राहिला, तो करवतवाल्याने काढून माझ्यापुढे टाकला.

आवाज थांबल्यावर ठकीने वळून पाहिलं. आधी टेबलाकडे, मग माझ्याकडे.

"आता बघतेस," ती म्हणाली.

कारकुनाने वही पुढे सरकवली. समक्ष पाहिलेच्या रकान्यात मी सही केली. डोळ्यांतलं पाणी अजून पुसलं नव्हतं, त्यामुळे ती काही नीट आली नाही. मान वर केली तेव्हा ती दोघं फाटकाबाहेर गेली होती.